शाईचं पाणी

सोमवार, ६ मे, दुपार

ताई,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची सवय आईने लावली, म्हणून आधी नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तू कशी आहेस? मेलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कमालच झाली. पण तू जाऊन तेरा वर्षं झाली आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा कुठून तरी सुरुवात करायला हवी. पाकिटावर पत्ता काय घालायचा तेही ठाऊक नाही. पोचलं नाही तर नाही, परत माझ्या दारात येऊ नये म्हणजे मिळवली.

हसू नकोस. मेलेल्यांना पत्र लिहायची अक्कल माझी नव्हे. चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधली साधी घरगुती माणसं हे करायची. घरात दुखणं आलं, भाऊबंद जमीन बळकावायला लागले, की एक मातीचा वाडगा घ्यायचा. आतल्या बाजूला काळ्या शाईने काठापासून पत्र सुरू करायचं, ते गोल गोल फिरत तळाशी न्यायचं. वर काहीतरी खायला घालायचं आणि वाडगा नेऊन ठेवायचा गेलेल्या आईच्या नाहीतर बायकोच्या थडग्यात. ती खायला येणार, खाता खाता वाचणार. त्यांच्या मते मेलेलं माणूस जातबीत नाही, नुसतं पलीकडे राहायला जातं. तिथे त्याचं वजन असतं, तिथल्या न्यायसभेत ते आपल्यासाठी शब्द टाकू शकतं. आणि रुसलं असेल तर तिथूनच घरातल्या एखाद्याला आजारीही पाडू शकतं. म्हणून त्या पत्रांत निम्मं लाडीगोडी आणि निम्मं भांडण. मी तुला काय कमी केलं होतं गं, असं.

माझं काम तुला आठवत असेलच. अजून त्याच म्युझियमच्या तळघरात बसून फुटकी मडकी सांधतो. आई म्हणायची, एवढं शिकला आणि शेवटी मडकी जोडतोय. तिच्या मैत्रिणींना मात्र सांगायची, मुलगा संशोधनात आहे.

तर आज सकाळी मी असंच एक पत्र बुडवलं.

नीट सांगतो. जुनी भांडी जमिनीत शेकडो वर्षं क्षार पितात. बाहेर काढली की तो क्षार पांढरा होऊन वर येतो आणि भांडं पापडासारखं सुटायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे साध्या पाण्याच्या टबात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. पण ज्याच्यावर शाईने लिहिलंय, त्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही. ती शाई म्हणजे काजळी आणि डिंक, बस्स. म्हणून शाईवाल्या तुकड्यांचं टेबल डावीकडे आणि भिजवायच्या भांड्यांचं उजवीकडे. हा नियम माझाच, भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलाय. पंचवीस वर्षांत एकदासुद्धा चुकलो नाही. नव्या माणसांना मी यावरून इतकं छळलंय की ती पाठीमागे मला डावा-उजवा म्हणतात.

सकाळी डाव्या टेबलावरचा वाडगा माझ्या हातात होता. तळाशी माती घट्ट बसलेली, ती कोरड्या ब्रशने हळूहळू काढायची होती. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत मी उजवीकडे गेलो, वाडगा टबात ठेवला आणि झाकण लावलं. हात आपोआप चालले. तासाभराने झाकण उघडलं तर पाणी राखेसारखं झालेलं, आणि आत एक स्वच्छ, सुंदर, कोरा वाडगा.

 खुर्ची ओढून बसलो, ताई. कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाला काहीतरी मागितलं होतं, चार हजार वर्षं ते मागणं टिकलं, आणि मी फोनवर "हो का, बरं बरं" म्हणत ते धुऊन टाकलं. ते पाणी मी ओतलेलं नाही. मोरीत ओतायला हातच होईना. झाकणाच्या बादलीत काढून कपाटाखाली सरकवलंय. आणि मघापासून मला सारखं वाटतंय की त्या कोपऱ्यात कुणीतरी आहे. मी, ज्याने आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगल केली! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच.

तुझी खारू छान आहे. हे आधी लिहायला हवं होतं, तू पहिलं तेच शोधलं असशील. एकवीस वर्षांची झाली. लहानपणी गालात बिस्किटं साठवायची म्हणून आपण खारू म्हणायचो, ते नाव अजून चिकटलंय. आता तिला अग्निशमन दलात जायचंय. लेखी परीक्षा झाली, शुक्रवारी मैदानी आहे. धावायचं आणि मग खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन सहा मजली शिडी चढायची. तीन महिने रोज पहाटे उठून सराव चाललाय. आपल्या घरात हे धाडस कुठून आलं कोण जाणे. माझ्याकडून तर नक्कीच नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझा
घाबरट भाऊ


बुधवार, ८ मे, संध्याकाळ

ताई,

परवाचं पत्र अजून खिशातच आहे आणि हे दुसरं. तू म्हणशील, तेरा वर्षं मूग गिळून बसला आणि आता दर दोन दिवसांनी.

आज भिंगवाले सर आले. ही जुनी लिपी वाचणारे आमच्याकडे ते एकटेच. खिशात कायम भिंग, हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा भिंगातून वाचतात. त्यांनी त्या वाडग्याचे वरचे पाच वेढे गेल्या आठवड्यात वहीत उतरवून घेतले होते. तळाचे राहिले होते, माझी माती निघायची वाट बघत. मी थातुरमातुर कारण तयार ठेवलं होतं, पण त्यांनी कोरा वाडगा हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा खरं बाहेर पडलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वाडगा हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "तळाशी काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही." एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वरच्या पाच वेढ्यांत काय होतं ते त्यांनी वाचून दाखवलं. एक माणूस गेलेल्या आईला लिहितोय. तिकडे पश्चिमेला, मेलेल्यांच्या गावी, तुझं बरं चाललंय ना? तू होतीस तेव्हा तुझ्या ताटात मी काही कमी केलं नाही. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. आता घरातलं लेकरू अंथरुणाला खिळलंय. हे कोण करतंय? तू तर करत नाहीस ना? आणि यानंतरचं पाण्यात.

मी विचारलं, "सर, पुढे काय असेल?"

"काय सांगू? पण ही पत्रं बरीचशी अशीच जातात. काठावर सगळं गोडगोड. नमस्कार, मी तुझ्यासाठी हे केलं, ते केलं. खरी गोष्ट येते तळाशी, जागा संपायला आली की."

मग मला धीर द्यायला म्हणून असेल, त्यांनी एक गंमत सांगितली. पुढच्या काळात तिथले वैद्य मंतरलेले शब्द शाईने लिहायचे, पाण्यात धुवायचे आणि ते पाणी आजारी माणसाला पाजायचे. शब्द पोटात गेला की गुण येणार. "तुमच्याकडे तर बादलीभर औषध आहे," म्हणाले आणि हसले. मीही हसलो. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मी शर्टाला तळहात पुसतोय, सारखा पुसतोय.

सोमवारी फोन कुणाचा होता, ते तू विचारलं नाहीस. तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस.

खारूचा होता. "मामा, गंमत झाली. शिडीवर चौथ्या मजल्यापाशी डोळ्यांपुढे अंधार आला. खाली जाळी होती, तिच्यात पडले. दोन मिनिटं मला काही कळलंच नाही म्हणे. सगळे इतके घाबरले!" आणि खो खो हसली. "सकाळी काही खाल्लं नव्हतं ना, त्याने झालं असेल." मी म्हणालो, "हो का, बरं बरं. खाऊन जात जा." इथे मला वाडगा बुडवल्याचं कळलं नाही ते उगाच नाही, ताई. त्या क्षणी समोर माझं घर जळत असतं तरी मला कळलं नसतं.

कारण तूही तेच म्हणाली होतीस. पहिल्यांदा पडलीस तेव्हा. सकाळी काही खाल्लं नव्हतं.

आता लिहितोच. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात, लाइट बिलांच्या फायलीखाली. तुझे रिपोर्ट, आणि वर डॉक्टरांची चिठ्ठी: हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्तातून पुढे जातं, मुलीची तपासणी करा, भावाचीही करा, दर काही वर्षांनी करत राहा. तू माझ्या हातात देऊन म्हणालीस, "पोरीचं तू बघ, मला धीर होत नाही." मी म्हणालो, "बघतो ना, तू काळजी करू नकोस." चार महिन्यांनी तू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतीस.

मी बघितलं नाही. आधी म्हटलं, आठ वर्षांची पोर, नुकतीच आई गेलीय, बाप तर कधीचाच उडालेला, तिला कुठे हॉस्पिटल दाखवायचं. मग शाळा, मग परीक्षा. मग ती इतकी ठणठणीत दिसायला लागली की मी स्वतःला पटवलं, हिला नाहीच. तिला सांगितलं, तुझ्या आईच्या डोक्यात ताप गेला होता. तेरा वर्षं ताकास तूर लागू दिली नाही.

आणि फेब्रुवारीत ती दलाचा फॉर्म भरत होती. पेन तोंडात धरून विचारलं, "मामा, घरात कुणाला हृदयाचा त्रास?" मी चहा गाळत होतो. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, "छे, कुणाला नाही. नाही लिही." तिथल्या डॉक्टरांनी नळी लावली, नाडी बघितली, पास केलं. ते तरी काय करणार, कागदावर "नाही" होतं.

परवा शुक्रवार. खांद्यावर पाइप घेऊन सहा मजले, आणि परीक्षेच्या दिवशी म्हणे खाली जाळी नसते.

ताई, हे तू तर करत नाहीस ना? मी पाकीट दाबून ठेवलं म्हणून? रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला शिडीवरून पाडू नकोस. बघ, काय लिहितोय मी! हे माझ्या हातून लिहून झालं आणि आता दिवा बंद करायची भीती वाटतेय.

उद्या तिला सांगतो. उद्या नक्की.

तुझा
धाकटा


शुक्रवार, १० मे, दुपारचे अडीच, हॉस्पिटल

ताई,

खारू जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं, वाडग्याच्या तळापर्यंत तुला नेलं नाही. आता बाकीचं ऐक.

काल मी तिला सांगितलं नाही. काल मी काय केलं, ते दुसऱ्या कुणाला कधी सांगू शकणार नाही, म्हणून तुला सांगतो. संध्याकाळी निघताना कपाटाखालची बादली ओढली आणि थर्मासमध्ये ते पाणी भरून घेतलं. का? विचारू नकोस. घरी ती बूट पुसत बसली होती, गुणगुणत. मी स्वयंपाकघरात गेलो, तिच्या पेल्यात ते करडं पाणी ओतलं, वर सरबत मिसळलं आणि चमच्याने ढवळलं. ढवळत उभा राहिलो. "मामा, काय करतोयस इतका वेळ?" म्हणून ती आत आली, पेल्याला हात घातला, आणि मी तिच्या हातावर चापट मारून तो मोरीत उपडा केला. ती बघतच राहिली. "माशी होती," म्हणालो.

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते बोलण्याऐवजी मी तुझ्या पोरीला चार हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी घरातलं दुखणं पाजायला निघालो होतो. ती माणसं निदान त्यावर विश्वास ठेवून पाजायची. माझा विश्वासही नाही, ताई. मला फक्त तोंड उघडायचं नव्हतं.

आणि तरीही बोललो नाही. ती म्हणाली, "तुलाच माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आलंय," माझ्या डोक्यावर टपली मारली आणि झोपायला गेली.

सकाळी सहाला उठलो तर घर रिकामं. साडेसहाला हजेरी होती, ती मला न उठवता गेली होती. टेबलावर चिठ्ठी: मामा, झोप नीट, येताना केक आणते. मी फाइल उपसली, पाकीट घेतलं आणि चपला कुठल्या घातल्या तेही कळलं नाही. रिक्षा मिळेना, अर्धं अंतर पळालो. तुझा भाऊ पळतोय, बघायला हवं होतंस. छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं, आता मीच रस्त्यात पडणार आणि ती तिकडे शिडीवर. दोघांची बातमी तुला एकदमच कळेल.

मैदानाच्या फाटकावरचा शिपाई आत सोडेना. मी त्याच्या हाताखालून घुसलो, या वयात. चाळीसेक पोरं छातीवर नंबर लावून रांगेत. एकजण शिडीवर होता, त्याच्यानंतर खारूच. खांद्यावर पाइप चढवून तयार, पाय जागच्या जागी नाचवत होती. शिट्टी हातात असलेले साहेब होते त्यांच्यापुढे जाऊन मी म्हणालो, "हिला थांबवा."

"तुम्ही कोण?"

"मामा."

"मामा, काळजी समजू शकतो, पण पालकांना आत यायची परवानगी नाही. बाहेर व्हा."

"हिच्या आईला हृदयाचा आजार होता. हिलाही असू शकतो. फॉर्मवर खोटं लिहिलंय. मी लिहायला लावलं."

चव्हाट्यावर म्हणतात ना, तसं. चाळीस पोरं ऐकत होती. खारूने पाइप खाली ठेवला नाही, तशीच माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय. मी पाकीट पुढे केलं. तिने वरची चिठ्ठी वाचली, मग तारीख वाचली, मग पुन्हा तारीख वाचली. साहेबांनी तिच्या खांद्यावरचा पाइप स्वतः उतरवून घेतला आणि वहीत तिच्या नंबरावर रेघ मारली. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "आधी तपासून या." रांगेतली पुढची मुलगी पुढे सरकली.

रिक्षात खारू एकच वाक्य बोलली. "तुलाही तपासायला सांगितलं होतं यात. तू केलंस?"

मी म्हणालो, "नाही."

आता ताई, तळाशी आलोय. लोक म्हणतील, पोरीला घाबरवायचं नव्हतं म्हणून मामा गप्प बसला. मीही स्वतःला तेच सांगत आलो. खोटं आहे ते. तिला तपासायला नेलं असतं तर डॉक्टरांनी माझ्याकडे वळून म्हटलं असतं, आता तुम्ही झोपा इथे. त्याची भीती होती. तुझ्या छातीत जे होतं ते माझ्या छातीत आहे की नाही, हे मला कळायला नको होतं. तेवढ्यासाठी मी तुझ्या लेकीला तेरा वर्षं जिने चढू दिले. पोहू दिलं, धावू दिलं, आणि प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत दाराशी उभा राहिलो. ती घरात आली की म्हणायचो, चला, आजही नाही.

इथे त्यांनी आधी तिला आत घेतलं. डॉक्टर बाई तरुण आहेत, हळू बोलतात, आणि हळू बोलायला लागल्या तेव्हाच मी ओळखलं. आहे. तुझ्यासारखंच. झोपवून तारा लावल्या होत्या तेवढ्या वेळातही ठोके दोनदा भरकटलेले दिसले म्हणाल्या, शिडीवरची चक्कर तीच. उद्या सकाळी गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचंय. ठोका चुकला की ते आतून धक्का देऊन वळणावर आणतं. त्यानंतर ती पुष्कळ जगू शकते, म्हणाल्या. धावायचं नाही. शिडी नाही. दल नाही.

मग मला आत घेतलं. थंडगार जेली लावून बाई पडद्यावर बघत होत्या आणि मी छताकडे. आमच्या म्युझियममध्ये एक चित्र आहे, तू पाहिलंयस. मेलेल्या माणसाचं हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात पीस, आणि जड भरलं तर खायला बाजूला मगरीच्या तोंडाचं जनावर टपलेलं. शाळेतली पोरं आली की मी ते विनोद करून सांगतो. आज विनोद सुचला नाही. बाईंनी हात पुसले आणि हसून म्हणाल्या, "तुमचं हृदय अगदी उत्तम आहे. काही नाही."

काही नाही, ताई. तेरा वर्षं ज्याला घाबरत होतो ते मला नव्हतंच. पंधरा मिनिटांची तपासणी. पंधरा मिनिटं मी धीर केला असता, तर तिचं तेव्हाच कळलं असतं. मी टेबलावर उठून बसलो आणि रडायला लागलो. बाईंना वाटलं, आनंदाने रडतोय. पाठीवर थोपटलं त्यांनी.

खारू आता माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलीय. मधल्या खुर्च्या रिकाम्या आहेत.  मी काय लिहितोय ते तिने एकदा मान वळवून बघितलं, पण विचारलं नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? आधी मला झोडपलं असतंस, ते माहीत आहे. त्यानंतरचं सांग.

नर्स बोलावतेय, खारूला दाखल करायचा फॉर्म भरायचाय. घरात कुणाला हृदयाचा त्रास, हे पुन्हा विचारतील. या वेळी तुझं नाव लिहीन. आलोच.


आई,

हे मी लिहितेय. मामा फॉर्म भरायला गेलाय आणि पत्र खुर्चीवरच टाकून गेलाय. मी वाचलं सगळं. त्याच्या खिशातून आधीची दोन डोकावतायत, ती नंतर वाचेन. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्यानेच शिकवलंय, पण त्याने मला काही शिकवावं असे दिवस आज नाहीत.

मी त्याला माफ केलेलं नाही. आत्ता तरी नाही. तो खिडकीपाशी उभा आहे, फॉर्मवर नाक टेकवून एकेक अक्षर लिहितोय, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. ते बघून मला हसू येतंय आणि त्याचाही राग येतोय.

त्याला सांगू नकोस, पण मला खूप भीती वाटतेय. उद्या सकाळी आठला नेणार आहेत.  मला तुझा चेहरा नीट आठवत नाही, फक्त हाक मारायचीस ते आठवतं.

म्हणून आधीच सांगून ठेवते. उद्या मला हाक मारू नकोस. तू बोलावलंस तर मी येईन, मला तुझ्याकडे यायचंच असतं नेहमी. पण इतक्यात नको. राग मानू नकोस.

तुझीच, पण अजून इथली,
खारू